सगळे रिपोर्ट नॉर्मल

पहिल्या दिवशी मला वाटलं, मिरच्यांनी झालं असेल. होळीनंतर वर्षाच्या मिरच्या आम्ही गच्चीवर वाळत घालतो. त्या वर-खाली करताना मी अनवाणीच त्यांच्यातून फिरले होते. दुपारी शिलाई मशीनवर बसले, तर दोन्ही तळपाय चरचरायला लागले. उठून पाय धुतले, ताक चोळलं, खोबरेल लावलं. सासूबाई म्हणाल्या, "चप्पल घालून जावं की माय गच्चीवर." मलाही माझीच चूक वाटली.

मिरच्या कुटून तिखट बरणीत भरून झालं, तरी पाय तसेच. पंधरा दिवसांत आग घोट्यापर्यंत चढली.

राणीसावरगावात आमचं कापडाचं छोटं दुकान आहे. माझे मालक पुढे बसून कापड विकतात आणि मागच्या खोलीत मी ब्लाउज शिवते, म्हणजे शिवायचे. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मशीन चालवत होते. आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या बाया माप द्यायला यायच्या. कुणाची बाही किती, कुणाला गळा किती लागतो, हे मला वहीत बघावं लागायचं नाही. घरात सासूबाई, मालक आणि मी. मुलगी एकच, ती पूर्णेला दिलेली. जावई रेल्वेत आहेत.

दुखणं कसं होतं ते सांगायला मला 'आग' हा एकच शब्द सापडला, आणि तो पुरायचा नाही. कधी नुसत्या मुंग्या. कधी टाचेतून सुई घुसून पोटरीत निघाल्यासारखी कळ, इतकी अचानक की तोंडून 'आई गं' निघायचं आणि समोर माप द्यायला उभी असलेली बाई दचकायची. चादरीचा काठ पायाला लागलेला सोसायचा नाही. थंड फरशीवर पाय ठेवले की दोन मिनिटं बरं वाटायचं, मग तीच फरशी उन्हात तापल्यासारखी व्हायची. आणि पायांवर बघावं तर काही नाही. सूज नाही, लाली नाही, फोड नाही. भेगा पडलेले, जोडवी घातलेले साधे पाय.

गावातल्या डॉक्टरांनी लाल रंगाची ताकदीची इंजेक्शनं दिली, एक दिवसाआड. ती संपली. मग गंगाखेडला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त काढलं, जेवून काढलं, आणि कागद बघून म्हणाले, "शुगर नाही तुम्हाला. तळपायाची आग म्हटली की आम्ही आधी शुगरच बघतो. ती नाही. सुटलात." मालकांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. बस स्टँडसमोर त्यांनी जिलबी घेतली. "खा, तुला कशाची बंदी न्हाई," म्हणाले. मी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभ्याउभ्या जिलबी खाल्ली. शुगर नाही तर मग हे काय आहे, हे मला त्यांच्या आनंदात विचारता आलं नाही.

दुसऱ्या खेपेला तेच डॉक्टर म्हणाले, मशीनमुळे असेल, पायडल मारून मारून नसा दबल्या असतील, काही दिवस बंद ठेवा. मी बंद ठेवलं. अर्धवट बेतलेली कापडं ज्यांची त्यांना परत केली. मशीनवर जुनी साडी झाकली. दोन महिने गेले. बाया दुसरीकडे जायला लागल्या, आणि आग बोटभरसुद्धा खाली उतरली नाही. उलट हाताला काम नव्हतं, त्यामुळे दिवसभर पायांशिवाय मनात दुसरं काही येईना.

पावसाळ्यात आम्ही परभणीला नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कमरेचा एमआरआय करायला सांगितला. त्या बोगद्यात पाय अजिबात हलवायचे नाहीत अशी ताकीद होती, आणि मला पाय हलवल्याशिवाय राहवत नव्हतं. तीनदा परत काढावा लागला. मग नसांची तपासणी. एक मुलगी माझ्या पायांना वायरी चिकटवून बारीक करंट द्यायची, पाय उडायचा, आणि ती कॉम्प्युटरकडे बघून म्हणायची, "छान." दर वेळी छान. मला आतून वाटत होतं, एकदा तरी हिने 'अरे बापरे' म्हणावं.

डॉक्टरांनी कागद चाळले. "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. यांच्या नसा माझ्यापेक्षा चांगल्या आहेत," ते हसून मालकांना म्हणाले. "घरात काही ताण? सासू-सुनेचं वगैरे?"

"न्हाई साहेब, आमच्याकडं तसलं काही न्हाई."

"या वयात बायकांना होतं असं. मन कशात तरी गुंतवायला सांगा त्यांना. झोपेची गोळी लिहून देतो."

मी म्हणाले, "साहेब, आग होती हो. खरंच होती."

"मी कुठं नाही म्हणतोय?" ते म्हणाले. "पण रिपोर्टमध्ये काही नाही."

परत येताना बसमध्ये मालकांनी तिकिटं खिशात ठेवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "मंग दुखायलंय कुठं?"

"पायात."

"पाय तर चांगले हायेत म्हणले."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. पण मी खिडकीकडे तोंड केलं ते गंगाखेड येईपर्यंत वळवलं नाही. त्यानंतर दुकानात कुणी माझी विचारपूस केली की ते सांगायचे, "काही न्हाई, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले." लोक म्हणायचे, चला, बरं झालं. मागच्या खोलीत मी हे सगळं ऐकायचे. हळूहळू मी घरात बोलायचंच सोडलं. कळ आली की ओठ दाबून धरायचे. गोळीने डोकं जड व्हायचं, डोळे मिटायचे, आणि पाय मात्र जागेच.

दिवाळीच्या आधी गावात घरोघर कुष्ठरोगाची तपासणी निघाली. आमच्या गल्लीत येणाऱ्या आशाताई ओळखीच्या, त्यांचे ब्लाउज मीच शिवलेले. अंगावर चट्टा आहे का, हातापायाला बधिरपणा, मुंग्या, असं कागदावरचं एकेक विचारत होत्या. मुंग्या म्हटल्यावर मी हो म्हणाले. त्यांचा पेन थांबला. "काकू, तुमचं नाव लिहिते. सरकारी दवाखान्यात एकदा दाखवून या. भ्यायचं न्हाई. आता औषध हाय त्याला. गोळ्या घेतल्या की पूर्ण बरं होतं."

सासूबाई दारात बसून ऐकत होत्या. त्या दिवशी संध्याकाळी माझा पाण्याचा तांब्या वेगळा निघाला. खिडकीत ठेवून, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "हा तुझा, माय. चार दिवस. मग बघू." मला राग यायला हवा होता. पण माझ्या डोक्यात आशाताईंचं एकच वाक्य फिरत होतं. औषध आहे. पूर्ण बरं होतं.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज आंघोळीनंतर डाव्या तळहातावर घेतो, भस्म लावतो, बेल वाहतो. त्या आठवड्यात पूजेला बसले की मी महादेवाला एकच मागायचे, मला महारोग निघू दे. हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. डोळे मिटायला सांगून त्यांनी पायावर ठिकठिकाणी पेनचं टोक टेकवलं आणि मला बोट लावून दाखवायला सांगितलं. कोपराजवळच्या, गुडघ्यामागच्या नसा चाचपल्या. कानाच्या पाळीतून नमुना घेतला. काही दिवसांनी परत बोलावून म्हणाल्या, "मावशी, कुष्ठरोग नाही तुम्हाला. अजिबात नाही." मी तिथेच खुर्चीत रडायला लागले. सिस्टर जवळ आली, पाठीवर हात ठेवून म्हणाली, "होतं असं. जीव भांड्यात पडला की रडू येतं." मी मान हलवली. तिला खरं काय सांगणार? जिच्यावर गोळ्या होत्या अशी एक गोष्ट मला सापडली होती, आणि तीसुद्धा हातून गेली.

सासूबाईंनी खिडकीतला तांब्या घासून परत मांडणीत ठेवला.

संक्रांतीला लेकीने पूर्णेला बोलावलं. नात तेव्हा अकरा महिन्यांची, रांगायची, धरून उभी राहायची. लेकीला वाटत होतं, बाळाच्या नादात आईचं मन रमेल. तिनेही मोबाईलवर बरंच वाचलं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आई, मनाला लागलं की अंग दुखतं म्हणतेत. तुला काही बोलायचं असलं तर माझ्यापशी बोल." मी म्हणाले, "पाय दुखतेत, एवढंच बोलायचंय." ती बाळाला घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसले होते. बाळ कधी रांगत आलं मला दिसलं नाही. तिने उभं राहायला माझे घोटे दोन्ही मुठींत गच्च धरले. डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि मी पाय झटकला. ती मागे पडली. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. तिचा श्वास अडकला, मग ती किंचाळली. लेक स्वयंपाकघरातून पळत आली, बाळाला उचललं आणि माझ्याकडे बघून ओरडली, "आई! लेकरू हाय ना गं ते!"

डोक्याला मागे टेंगूळ आलं. बर्फ लावला, दवाखान्यात दाखवून आणलं, काही झालं नव्हतं. पण त्यानंतर लेक बाळाला दुसऱ्या खोलीत खेळवायची. रागाने नाही; मला चहा द्यायची, जवळ बसायची, नीट बोलायची. फक्त बाळ माझ्याकडे रांगायला लागलं की पटकन उचलून घ्यायची. लेक मला भ्यायला लागली होती. मी राहायचं ठरलेलं सोडून दोन दिवसांनी दुपारच्या गाडीने निघाले. गाडीत जागा होती तरी उभी राहिले, दुखू देत पाय म्हणून. जगावंसं वाटत नव्हतं, हे इथे सांगते आहे. तेव्हा कुणाला म्हटलं नव्हतं.

त्यानंतर हातही सुरू झाले. आधी बोटांची टोकं, मग तळवे. सुई धरली तरी ती बोटांत आहे की नाही, बघून कळायचं. एक दिवस पूजेत इष्टलिंग तळहातावरून निसटलं आणि माझ्या ओच्यात पडलं. समोर सासूबाई बसलेल्या. आमच्यात लिंग हातून पडणं म्हणजे प्राण गेल्यासारखंच मानतात. त्या आता काय म्हणतील म्हणून मी मान खाली घालून बसले. त्या उठल्या, माझ्याजवळ येऊन बसल्या आणि माझ्या तळहाताखाली आपला तळहात धरला. "घे," म्हणाल्या. "पडू देत न्हाई मी." त्या दिवसापासून रोज त्या तशा बसतात. ऐंशीच्या घरातल्या बाईचा हात, तोही थरथरतो.

परत उन्हाळा आला. एका सकाळी मी भाकरी करत होते आणि मालक समोर जेवत होते. तव्यावर भाकरी टाकून पाणी फिरवलं आणि हात तिथेच राहिला असणार. मला कळलं ते मालकांच्या ओरडण्याने. "अगं हात! हात काढ तुझा!" मी बघितलं, तर डाव्या हाताची दोन बोटं तव्याच्या काठावर टेकलेली होती. त्यांनी झेप घेऊन माझं मनगट धरलं आणि हात पाण्याच्या बादलीत बुडवला. कातडी पांढरी झाली होती.

"तुला कळलं न्हाई?"

"न्हाई."

"तव्याचा चटका कळला न्हाई तुला?"

"आग तर सारखीच आहे हो," मी म्हणाले. "ही कोणती आणि ती कोणती, मला काय कळणार."

ते तिथेच चुलीपुढे बसले. ताटातली भाकरी तशीच. म्हणाले, "आणि मी वर्षभर लोकांला सांगायलो, काही न्हाई म्हणून." त्यांनी माझा हात बादलीतून बाहेर काढला नाही, धरून ठेवला. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

जावयांनी चौकशी केली आणि हैदराबादच्या एका दवाखान्याचं नाव पुढे आलं. सासूबाई म्हणाल्या, "जावा. आमच्या येळेलाबी मोठं दुखणं हैदराबादलाच न्यायचे." पूर्णेहून गाडीत बसलो. बाळाला आपल्या सासूपाशी ठेवून लेकही आली.

तिथल्या डॉक्टर वयस्क बाई होत्या. त्यांनी परभणीचे कागद बाजूला ठेवले आणि आधी माझ्या चपला काढायला लावल्या. दोन काचेच्या नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, एकीत थंड. डोळे मिटवून पायाला एकेक लावत विचारायच्या, "ठंडा या गरम, अम्मा?" मी एक थंड म्हणाले, मग गरम म्हणाले, मग गप्प झाले. मला दोन्ही सारख्याच लागत होत्या. डोळे उघडले तेव्हा लेक तोंडावर पदर धरून उभी होती.

डॉक्टरांनी हिंदीत सांगितलं, लेकीने मला आपल्या भाषेत. करंटची तपासणी मोठ्या नसांची असते. कातडीतल्या अगदी बारीक नसा, ज्यांनी चटका आणि दुखणं कळतं, त्या त्यात दिसतच नाहीत. माझ्या बहुतेक त्याच खराब झाल्या असतील. म्हणजे वर्षभर सगळेजण चांगल्या नसा तपासून मला चांगली म्हणत होते.

घोट्याच्या वर सुई देऊन तांदळाएवढा कातडीचा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. कारण शोधायला रक्त काढलं, किती बाटल्या ते मी मोजलं नाही. त्याचसाठी खालच्या ओठातूनही तुकडा घेतला. महिन्याने परत गेलो. कातडीत बारीक नसा फार थोड्या उरल्या होत्या. त्या आजाराला नाव होतं, ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. बाकीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते.

"कशानं झालं?" मी विचारलं.

"वजह नहीं मिली, अम्मा. बहुत लोगों में नहीं मिलती."

"बरं होईल?"

त्यांनी पेन खाली ठेवला. "दर्द थोडा कम कर सकते हैं।"

"नसा परत येतील का, ते विचार," मी लेकीला म्हणाले. तिने विचारलं नाही. डॉक्टरांना माझं मराठी समजलं असावं. त्यांनी नुसता माझा हात हातात घेतला, आणि मला उत्तर मिळालं.

बाहेर येऊन मालकांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला. "नाव तर कळलं," म्हणाले. मी हो म्हणाले. वर्षभर मला वाटत होतं, नाव कळलं की अर्धी लढाई झाली. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मला कळेना, आता कशाची वाट बघायची. आधी निदान एक आशा होती, की कुणाला तरी कळेल आणि तो बरं करेल. आता कळलेलं होतं.

लेक शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, मी तुला मनाचं म्हणले." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिची पाठ गरम होती की गार, तेही मला सांगता आलं नसतं.

हैदराबादच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी आगीची धार थोडी बोथट होते, पण चक्कर येते, आणि रोजच्या वापरातली नावं आठवत नाहीत. मागे एकदा 'कात्री' हा शब्द मला सकाळभर आठवला नाही. मशीन गल्लीतल्या एका मुलीला देऊन टाकलं. ती शिकते आहे, टाका अजून वाकडा येतो. मालक आता लोकांना आजाराचं नाव सांगतात, दर वेळी वेगळं, आणि दर वेळी चुकीचं. स्वयंपाक सासूबाई आणि ते मिळून करतात. मला चुलीजवळ जाऊ देत नाहीत.

गेल्या महिन्यात दुकानात एक बाई आली. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली, पलीकडच्या वस्तीवरची. कापड बघायचं सोडून सरळ मागच्या खोलीत आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्या पायाला आग व्हती म्हणं. कुण्या डाक्टरनं बरं केलं?"

"बरं न्हाई झालं, बाई."

"मंग हैदराबादला कामून गेल्ता?"

"काय हाय ते कळायला."

"कळलं?"

"कळलं. कामून झालं ते न्हाई कळलं."

ती उंबऱ्यावर बसली. सांगायला लागली. दोन वर्षं झाली. घरचे म्हणतात नाटक करायलीय. सासरा म्हणतो काम नको म्हणून. गावच्या डॉक्टरने पांढऱ्या गोळ्या दिल्या, मग भगताकडे नेलं, मग कुठेच नेलं नाही. बोलताना ती सारखी एका तळपायावर दुसरा तळपाय घासत होती. मी तिला म्हणाले, "नाटक न्हाई ते. खरं हाय." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली. मी तिला थांबवलं नाही. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं आणि ते सांगून झालं होतं.

जाताना तिने दवाखान्याचं नाव लिहून मागितलं. पेन माझ्या बोटांत ठरेना म्हणून मालकांनी लिहून दिलं. तिने चिठ्ठी उलटीच धरून बघितली, घडी करून ब्लाउजमध्ये खोचली. "भावाला दावते," म्हणाली. "तो नेईल का?" मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "नेईल." ती उठली आणि वस्तीच्या रस्त्याला लागली.